प्रेस्टनचा प्लंबर

प्रेस्टन,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुन्या,

पत्र मिळालं. आपल्या पेठेचा गोलकीपर दुसऱ्या तालमीकडं गेला म्हणून तू त्याला दोन पानं शिव्या घातल्यास. कोल्हापूर सोडल्यावर एवढ्या ताज्या शिव्या वाचायला मिळत नाहीत, म्हणून दोनदा वाचल्या. पण शेवटचं ते पालुपद, "पूर्वीचे खेळाडू असे नव्हते," ते काही घशाखाली उतरेना.

इंग्लंडातल्या या गावच्या डीपडेल फुटबॉल मैदानाबाहेर एक पुतळा आहे. जुन्या काळचा फुटबॉलपटू टॉम फिनी, कारंज्याच्या पाण्यातून घसरत निघालेला. 1956 मध्ये चेल्सीच्या तुंबलेल्या मैदानावर त्याचा असाच फोटो निघाला होता, त्यावरून केलाय. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला जूनमधलं आपलं मैदान आठवलं. आपण नुसतेच पडायचो, तो भाग वेगळा.

हा गडी याच गावचा. 1946 ते 1960 प्रेस्टन नॉर्थ एंड या एकाच क्लबकडून 433 लीग सामने आणि 187 गोल. इंग्लंडकडून 76 सामन्यांत 30. मूळचा डावखुरा, पण उजव्या विंगेवर घाला नाहीतर सेंटर फॉरवर्ड करा, तक्रार नाही. आडदांडपणा केला म्हणून पंचांनी एकदाही नाव लिहून घेतलं नाही. लीगमधला पहिला सामनाच चोविसाव्या वर्षी, कारण ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्या महायुद्धात, इजिप्त आणि इटलीत रणगाड्यात गेली.

आता तुझा मुद्दा. फिनी क्लब सोडून गेला नाही, खरं आहे. पण त्याला जाऊ दिलं का, ते बघ. 1952 मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबच्या मालकानं, तो चक्क सिसिलीतला एक प्रिन्स होता, त्याला मागणी घातली. सही केली की 10,000 पौंड, महिना 130 पौंड पगार, वर बोनस, राहायला बंगला आणि गाडी. इंग्लंडात तेव्हा कितीही मोठा खेळाडू असला तरी हंगामात आठवड्याला 14 पौंडांच्या वर पगार द्यायला बंदी होती. म्हणजे नुसत्या सहीचे पैसेच चौदा वर्षांच्या पगाराएवढे! तो क्लबच्या अध्यक्षांना विचारायला गेला. उत्तर मिळालं, प्रेस्टनकडून खेळणार नसशील तर कुणाकडूनच खेळणार नाहीस. ही नुसती धमकी नव्हती रे. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच मुठीत राहायची. सोडायचं की धरून ठेवायचं, ते क्लब ठरवणार. फिनी मुकाट्यानं परत आला आणि खेळत राहिला. लोक याला निष्ठा म्हणतात. मला त्यात दावणीचा दोर दिसतो.

आणि हाताला काय लागलं? 1953 ची लीग, गुण सारखे असूनही, गोलांच्या सरासरीवर आर्सेनल क्लबनं नेली. 1954 ला एफए कपची फायनल 3-2 अशी हरले. दोनदा तो देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, पण मोठी ट्रॉफी एकही नाही.

त्याच्या वडिलांचं मात्र मला कौतुक वाटतं. पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना क्लबनं बोलावलं, तर बापानं सांगितलं, आधी प्लंबिंगचं काम पुरतं शीक. तो शिकला. इंग्लंडकडून खेळत असतानाही धंदा चालू ठेवला. अख्खा देश त्याला "प्रेस्टनचा प्लंबर" म्हणायचा. मैदानावर दोर क्लबच्या हातात होता, पाना मात्र त्याच्या स्वतःच्या.

दुखावलेली जांघ घेऊन तो 30 एप्रिल 1960 ला शेवटचा सामना खेळला. पुढच्याच जानेवारीत ती पगाराची मर्यादा उठली! वर्षभरात दुसरा एक खेळाडू आठवड्याला 100 पौंड घेऊ लागला. आणि फिनीशिवायचा प्रेस्टन त्याच हंगामात खालच्या वर्गात घसरला. हे वाचताना मी हसलो, खोटं कशाला बोलू.

तर त्या गोलकीपरला नवी तालीम काय देते, ते आधी विचार. नोकरी लावून देत असतील तर तूच त्याला पेढे घेऊन जा. आणि काकूंना सांग, मसाला पोचला, डबा फुटला नव्हता.

तुझा,
दिल्या