गिअरबॉक्स उतरवण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या ऑटोमॅटिक गाडीने झटका दिला, की गाडीखाली वाकूनही न पाहता ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल दिला जातो. मला हा अनुभव नुकताच आला, म्हणून हे पत्र.

माझ्या गाडीला ताशी साठ-सत्तरच्या वेगात, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवू लागली. मेकॅनिकने एक चक्कर मारून टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागावर) ठपका ठेवला आणि गिअरबॉक्स उतरवण्याची तयारी दाखवली. त्याचा तर्क अगदीच निराधार नव्हता. कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच साधारण याच वेगात इंजिनाला गिअरबॉक्सशी थेट जोडतो आणि तो झिजला किंवा गिअरबॉक्सचे ऑइल जुने झाले, तर अशीच थरथर होते. पण इंजिन मिसिंग मारत असले, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसले, तरी चालकाला हेच जाणवते. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवे लागण्यापुरता स्पर्श केला, की बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय कन्व्हर्टरवर, चालूच राहिली तर आधी इंधन पेटवणारे स्पार्क प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल पाहाव्यात. (लॉक-अप सुटल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात आणि हलके मिसिंग त्यात दबूही शकते, म्हणून ही परीक्षा दोन-तीनदा घ्यावी.) माझ्या गाडीत थरथर थांबली नाही. एक इग्निशन कॉइल बदलली आणि दुखणे संपले.

गिअरबॉक्सच्या ऑइलकडे तर कोणी पाहिलेच नव्हते. ज्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) आहे तिच्या या ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला तरी बरेच कळते. लालसर, स्वच्छ डाग पडला तर ठीक; काळपट डाग आणि जळका वास आला तर आतल्या क्लचच्या प्लेटा तापून घासल्या आहेत; आणि दुधाळ गुलाबी रंग दिसला तर रेडिएटरमधले कूलंट ऑइलमध्ये मिसळले आहे, तेव्हा गाडी पुढे चालवूच नये. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर थबकून मग धक्क्याने निघते. बऱ्याच गाड्यांत ही पातळी इंजिन गरम आणि चालू असताना बघतात, काहींत इंजिन बंद करून. त्यामुळे गाडीचे मॅन्युअल उघडण्याला पर्याय नाही.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दलही गैरसमज आहे. ‘पी०७००’ हा कोड एवढेच सांगतो, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवली आहे. तक्रार कोणती, हे त्या कंट्रोलरमधले कोड स्वतंत्रपणे वाचल्यावरच कळते. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहण्यामागे कधी केवळ स्पीड सेन्सर, गंजलेली अर्थिंगची वायर किंवा दुबळी बॅटरीही असते. गिअर टाकताना येणारा ‘धाड’ आवाज पुष्कळदा इंजिन ज्यावर टेकते त्या फाटलेल्या रबरी माउंटिंगचा निघतो.

याचा अर्थ गिअरबॉक्स कधी जातच नाही, असा नव्हे. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, ऑइल जळलेले आहे आणि गिअरबॉक्सचे खालचे पॅन उघडल्यावर त्यातल्या चुंबकावर नेहमीच्या राखाडी लेपाऐवजी धातूचे कपचे दिसतात, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली, तर नुसते ऑइल बदलून मनाचे समाधान करण्यात अर्थ नाही.

गॅरेजवाल्यांना विनंती एवढीच, की गिअरबॉक्सला पाना लावण्यापूर्वी ऑइलची पातळी व रंग, सापडलेले सर्व कोड आणि झटका गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, हे ग्राहकाला कागदावर लिहून द्यावे. आपल्या वाहनविषयक पानावरही नव्या गाड्यांच्या कौतुकातून थोडी जागा काढून अशा जुन्या गाड्यांच्या तपासणीची माहिती द्यावी.

आपला,
एक वाचक