‘कॉम्बॅट!’ मालिकेच्या संचातील कापाकापीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘कॉम्बॅट!’ या मालिकेचा सदोष डीव्हीडी संच बदलून मिळण्याबाबत अथवा रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘कॉम्बॅट!’ या दुसऱ्या महायुद्धावरील अमेरिकन मालिकेचा पाच पर्वांचा डीव्हीडी संच पूर्ण रक्कम आगाऊ भरून मागवला. पेटीच्या पाठीमागे आणि संकेतस्थळावरील वर्णनात ‘सर्व १५२ भाग, मूळ स्वरूपात, एकही दृश्य न कापता’ असे ठळक छापलेले आहे, आणि केवळ त्या एका ओळीवर विसंबून मी ही खरेदी केली. हाती आलेल्या संचात भाग १५२ नाहीत, चित्र मूळ स्वरूपात नाही आणि दृश्ये कापलेली आहेत. आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर आणि ईमेलवर दिलेली उत्तरे तर मूळ दोषापेक्षाही अधिक खटकणारी होती, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत गंभीर दोष चित्राच्या चौकटीचा आहे. ही मालिका १९६२ ते १९६७ या काळात अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर दाखवली गेली. पहिल्या चार पर्वांतील १२७ भाग कृष्णधवल आणि पाचव्या पर्वातील २५ भाग रंगीत असून, ते सगळे त्या काळच्या टीव्हीच्या चारास तीन या प्रमाणातील चौकटीसाठी बेतलेले आहेत. आजचा रुंद पडदा कडेपासून कडेपर्यंत भरावा, यासाठी आपण ते सोळास नऊ या प्रमाणात बसवले आहेत. रुंदी कायम ठेवून असे करायचे म्हटले, की उंचीतला नेमका पाव भाग टाकून द्यावा लागतो, आणि तो आपण काही वरून, काही खालून छाटला आहे. पायदळाच्या एका तुकडीची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेत चित्राचा खालचा भाग म्हणजे जमीन असते, तिथे सैनिक सरपटत असतो, खंदकाचा काठ असतो, जखमी माणूस पडलेला असतो. आणि वरच्या भागात टेकडीचा माथा किंवा चर्चच्या मनोऱ्यातली ती खिडकी असते, जिथून गोळी येणार असते. आपल्या संचात शिरस्त्राणे अर्धी कापली गेली आहेत आणि जमीन तर बहुतेक प्रसंगांत शिल्लकच राहिलेली नाही.

आमच्या पेठेतील काही मंडळी ही मालिका एकत्र बसून पाहतात. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले दोघे आहेत आणि त्यांपैकी एक शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचे, म्हणजे जिथे फौजेत गेलेला माणूस नाही असे घर शोधावे लागते, त्या गावचे. या मालिकेवर त्यांचे प्रेम आहे ते तिच्यातील शिस्तीमुळे. एक गट गोळीबार करून शत्रूचे डोके खाली ठेवतो आणि तेवढ्यात दुसरा गट पुढे सरकतो. तुकडीतला कर्बी आपल्या ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफलीने आधार देत असतो आणि सार्जंट साँडर्स हाताच्या खुणेनेच पुढचा हुकूम देतो. चित्रीकरण सुरू होण्याआधी प्रमुख नटांना कॅलिफोर्नियातील फोर्ट ऑर्ड या लष्करी तळावर प्रशिक्षण घ्यायला पाठवले होते, आणि ते त्यांच्या वावरण्यात जाणवते. आपला संच लावल्यावर थोड्याच वेळात टाकळीचे हवालदार म्हणाले, ‘‘कोण कुठं पडलाय ते दिसंना, आन् वरचं टेकाड बी न्हाई. गोळी कुठनं आली म्हणायची?’’ याहून नेमक्या शब्दांत हा दोष मला मांडता येणार नाही. काही भाग आम्ही पूर्वी परदेशातून आणलेल्या जुन्या डिस्कवर पूर्ण चौकटीत पाहिलेले आहेत, त्यामुळे काय गाळले गेले आहे हे आम्ही अंदाजाने सांगत नाही.

हे पत्र कोल्हापुरातून येत आहे, याचाही विचार व्हावा. बाबूराव पेंटर यांनी याच गावात कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. इथल्या स्टुडिओंत पिढ्यान्‌पिढ्या माणसे राबली. चौकटीत काय ठेवायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे दिग्दर्शक ठरवतो, डिस्क छापणारा नव्हे, एवढे इथल्या सामान्य प्रेक्षकालाही समजते.

दुसरा दोष सबटायटल्सचा आहे आणि तो मला चौकटीइतकाच महत्त्वाचा वाटतो. या मालिकेत जर्मन सैनिक जर्मन बोलतात, फ्रेंच गावकरी फ्रेंच बोलतात, आणि मूळ प्रसारणात त्या संवादांखाली काहीही लिहिलेले नसे. १९६२ सालच्या अमेरिकन प्रेक्षकालाही जर्मन येत नव्हतेच. मालिका घडवणाऱ्या रॉबर्ट पिरॉश यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेच हवे होते, असे ती पाहताना पदोपदी जाणवते. भिंतीपलीकडे दोन जर्मन काहीतरी कुजबुजत आहेत आणि अलीकडे श्वास रोखून बसलेल्या साँडर्सला जेवढे कळते, तेवढेच आपल्याला कळते. आपण मात्र चित्रातच कायमची बसवलेली, कोणत्याही बटणाने बंद न होणारी इंग्रजी भाषांतरे त्याखाली छापली आहेत. त्यामुळे दबा धरून बसलेल्या शत्रूचा बेत आम्हाला तुकडीच्या आधी समजतो आणि प्रसंगातला ताण तिथेच संपतो. यात सर्वाधिक अन्याय केज या पात्रावर झाला आहे. लुइझियानाचा हा सैनिक तुकडीचा फ्रेंच दुभाष्या आहे. एखाद्या घाबरलेल्या म्हाताऱ्याशी तो दोन-चार वाक्ये बोलतो, मग सार्जंटकडे वळतो, आणि तो काय सांगणार याची सार्जंटबरोबर आपणही वाट पाहतो. ही भूमिका करणारे पिएर जाल्बेअर हे मूळचे क्वेबेकचे, म्हणजे फ्रेंच त्यांच्या घरचीच, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर आधी उमटते, शब्द नंतर येतात. आपल्या संचात उत्तर पडद्याच्या तळाशी आधीच छापून तयार असते आणि केजचे बोलणे म्हणजे निव्वळ पुनरुक्ती होऊन बसते.

याविषयी विचारले असता आपल्या प्रतिनिधीने मला असे ऐकवले की, कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या ग्राहकांना परदेशी भाषा समजत नसल्याने ही ‘अतिरिक्त सोय’ पुरवली आहे. सोय बंद करण्याची मुभा नसेल तर ती सोय राहत नाही, हे तर आहेच. पण त्या युद्धाशी कोल्हापूरचा काय संबंध, असा जो सूर त्या उत्तरात होता, त्याबद्दल सांगायला हवे की १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित शहराजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहत होते, आणि याच युद्धात मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. आम्हाला युरोपातील युद्ध सोपे करून सांगण्याची गरज नाही.

तिसरी बाब भागांच्या लांबीची. त्या काळी एका तासाच्या कार्यक्रमात जाहिराती कमी असत आणि या मालिकेचा एक भाग ५० मिनिटांच्या आसपास चाले. आपल्या संचातील कित्येक भाग ४४ मिनिटांतच संपतात. पुढे पुनःप्रसारणात जाहिरातींसाठी जास्त वेळ काढावा लागल्याने अशा जुन्या मालिकांना कात्री लावली जात असे, आणि आपण तशाच कापलेल्या प्रती उचलल्या आहेत असे दिसते. कात्री नेहमी तिथेच लागते जिथे ‘काही घडत नाही’. रॉबर्ट ऑल्टमन यांनी पहिल्या पर्वातील दहा भाग दिग्दर्शित केले, त्यांपैकी ‘सर्व्हायव्हल’ हा भाग पाहा. दोन्ही हात भाजलेला साँडर्स भ्रमिष्ट अवस्थेत रानोमाळ भटकतो आणि एका मृत जर्मन सैनिकाला आपला भाऊ समजून उचलून नेऊ लागतो. साँडर्सची भूमिका करणाऱ्या व्हिक मॉरो यांना या मालिकेतील कामासाठी एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. ते का, हे या भागातील त्यांच्या जवळजवळ नि:शब्द भटकण्यावरून कळते. आपण ते भटकणेच कापले आहे. उरला आहे तो एक जखमी माणूस, जो एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत अकस्मात पोहोचतो.

भागांची संख्याही पूर्ण नाही. चौथ्या पर्वातील ‘हिल्स आर फॉर हीरोज’ ही दोन भागांची कथा (१९६६) मॉरो यांनी स्वतः दिग्दर्शित केली आहे आणि आमच्या मते ती मालिकेचा कळस आहे. जर्मन बंकर असलेली एक टेकडी घेण्यासाठी लेफ्टनंट हॅन्लीला आपली माणसे पुन्हा पुन्हा त्याच उघड्या उतारावर पाठवावी लागतात, आणि अतोनात किंमत मोजून ती हाती येते तेव्हा ती सोडून मागे फिरण्याचा हुकूम येतो. हा शेवट दुसऱ्या भागात आहे. आपल्या डिस्कवर दुसऱ्या भागाच्या नावाखाली पहिलाच भाग पुन्हा छापलेला आहे. म्हणजे आपल्या संचात ती टेकडी कधीच सर होत नाही आणि सोडूनही दिली जात नाही.

आपल्या प्रतिनिधींच्या इतर उत्तरांबद्दल थोडक्यात लिहितो. ‘साठ वर्षांपूर्वीचे चित्रीकरण असल्याने गुणवत्तेला मर्यादा आहेत’ हे उत्तर इथे लागूच पडत नाही. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेली आहे; आपल्या संचातही जो भाग शिल्लक ठेवला आहे तो चांगला सुस्पष्ट दिसतो. माझी तक्रार जे दिसत नाही त्याबद्दल आहे. ‘ग्राहकांना बाजूच्या काळ्या पट्ट्या आवडत नाहीत’ हे खरे असेलही, मग तसे पेटीवर छापावे. ‘मूळ स्वरूपात’ असे छापू नये. ‘पेटी फोडल्यावर माल परत घेतला जात नाही’ या नियमाचे तर मला नवल वाटते, कारण पेटी न फोडता डिस्कवर काय आहे हे पाहण्याची युक्ती अजून निघालेली नाही. आपण देऊ केलेले पुढील खरेदीवरील सवलतीचे कूपन मी नम्रपणे नाकारत आहे. आवाजाबाबत मात्र माझी काहीही तक्रार नाही. लेनर्ड रोझेनमन यांचे शीर्षकसंगीत इतके स्वच्छ आम्ही यापूर्वी ऐकले नव्हते, आणि ज्याने ते काम केले त्याला हे जरूर कळवावे.

माझी मागणी अशी आहे. मूळ चौकटीतील, न कापलेल्या आणि सबटायटल बंद करता येईल अशा १५२ भागांचा संच आपल्याकडे उपलब्ध असल्यास तो मला बदलून द्यावा. नसल्यास माझी संपूर्ण रक्कम टपालखर्चासह परत करावी आणि सदोष संच आपल्या खर्चाने घेऊन जावा. तसेच, दुसऱ्या कोणी त्या ओळीवर विसंबून पैसे भरण्यापूर्वी ती संकेतस्थळावरून काढून टाकावी. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत निर्णय न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये, दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष वस्तू या कारणांवरून मी कोल्हापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जिथे राहतो तिथेच ती दाखल करण्याची तरतूद या कायद्यात आहे, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच.

सोबत खरेदीची पावती, पेटीवरील मजकुराचे छायाचित्र, ४४ मिनिटांच्या भागांची यादी आणि एकाच दृश्याची जुन्या व नव्या डिस्कवरील चित्रे जोडली आहेत. संच नेण्यासाठी माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे.

आपला,
एक ग्राहक
मंगळवार पेठ, कोल्हापूर