कॉर्टिसॉलच्या रिपोर्टवर वेळ लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ताणाने जीन्स बदलतात’ हे वाक्य हल्ली व्याख्यानमालेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे फिरते. मग कोणी सांगलीत, कोणी मिरजेत लॅब गाठतो, ‘माझा ताण मोजा’ म्हणतो आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा एक आकडा घेऊन घरी येतो. त्या आकड्यावरून मेंदूतल्या जनुकांविषयी फारच थोडे कळते.

ताणाने जनुकातली अक्षरे बदलत नाहीत, ती किती वाचली जातात ते बदलते. कॉर्टिसॉल मेदात विरघळते, त्यामुळे पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरते. आत रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक धरणारे प्रथिन, वाट बघत असतो. कॉर्टिसॉल चिकटले की तो केंद्रकात जाऊन डीएनएवरच्या ठरावीक जागा धरतो. काही जनुकांचे वाचन वाढते, काहींचे दबते. त्यातले एफकेबीपी५ हे जनुक ध्यानात ठेवावे. त्याचे प्रथिन वाढले की त्याच रिसेप्टरची कॉर्टिसॉल धरण्याची ताकद घटते. घरातलाच ब्रेक म्हणा ना. हा ब्रेक ज्याच्या पेशीत जास्त लागला, त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल भरपूर असूनही पेशीपर्यंत निरोप कमीच पोचतो.

त्यात मेंदूतले रिसेप्टर दोन जातींचे. एकाची पकड दुसऱ्याच्या सुमारे दहापट, त्यामुळे तो रोजच्या साध्या पातळीलाच बराचसा भरलेला असतो. दुसरा भरतो तो पहाटेच्या चढाला किंवा ताण आल्यावर. स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात दोन्ही आहेत. उंदरांच्या या भागात ताणाचे संप्रेरक धरून ठेवले जाते, हे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्यूअन यांनी १९६८ मध्ये दाखवले.

इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनही याच वाटेने जनुकांपर्यंत जातात. मेंदूत तर अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलते, म्हणजे ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ संप्रेरक ही वाटणी तिथे टिकतच नाही. मादी उंदरांत चार-पाच दिवसांच्या चक्राबरोबर हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशींवरचे बारीक काटे, म्हणजे दुसऱ्या पेशींशी जोडणी होण्याच्या जागा, वाढतात आणि घटतात. त्यावरून बायकांच्या ‘मूड’वर भाष्य करणाऱ्यांनी मात्र जरा थांबावे.

आता रिपोर्ट. कॉर्टिसॉल जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. सकाळी आठच्या मानाने दुपारी चारचा आकडा साधारण निम्मा येतो. वेळ न लिहिलेला रिपोर्ट म्हणजे तारीख नसलेला सातबारा. गळीत हंगामात कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचे घड्याळच सरकलेले असते, त्याने झोपेची वेळही सांगावी. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या यकृतात कॉर्टिसॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनाची निर्मिती वाढवतात. मग रक्तातले एकूण कॉर्टिसॉल दुप्पटही दिसू शकते, पण पेशीत शिरणारे मोकळे कॉर्टिसॉल त्या प्रमाणात वाढलेले नसते. यावर रात्री उशिराच्या लाळेची तपासणी करता येते, किंवा डॉक्टरांना विचारून गोळी सहा आठवडे आधी थांबवता येते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध चालू असेल तर कित्येक तपासण्यांत तेच कॉर्टिसॉल म्हणून मोजले जाते. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडने मात्र आकडा खाली येतो. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांत अशी स्टेरॉइड्स मिसळलेली सापडतात, म्हणून पुडी चालू असेल तर लाज न बाळगता सांगावे. आणि कितीही घाबरलात तरी ती एका दिवसात बंद करू नये. कित्येक आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाले की मेंदूकडून येणारी हाक मंदावते आणि कॉर्टिसॉल बनवणारी, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी सुस्तावते. अचानक खंड पडला तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणे, आणि हे जिवावर बेतू शकते. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्यावा.

रक्त घेताना लॅबने तीनच प्रश्न विचारावेत: किती वाजता उठलात, कोणती गोळी, पुडी किंवा मलम चालू आहे, कामाची पाळी दिवसाची की रात्रीची? उत्तरे आकड्याशेजारी छापावीत. त्याला जास्तीचा कागदही लागणार नाही.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे काही अध्यापक, सांगली