अनुक्रमांक 61 कडून, सुभेदार आबांस

आदरणीय सुभेदार आबांस,
सादर नमस्कार.

तुम्ही हयात असताना हे पत्र हाती दिले असते, तर पहिला परिच्छेद वाचून तुम्ही ते घडी घालून परत केले असते आणि ‘एवढ्या वेळात दोघींचे अर्ज लिहून झाले असते’ असे वर सुनावले असते, याची मला खात्री आहे. आभार मानायला आलेल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावण्याची तुमची पद्धत सगळ्या गावाला ठाऊक होती. त्यामुळे हे लिहायचे राहून गेले, आणि आता ते सर्वांसमोर लिहीत आहे. तुमचे नाव मुद्दाम घालत नाही. कोरेगाव तालुक्याच्या आमच्या भागात ‘सुभेदार आबा’ म्हटल्यावर ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. 17 वर्षे नोकरी करून 1991 साली ते पेन्शनवर आले आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये गेले. तेराव्यानंतर आई आणि मी बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी कागद चाळून विचारले, ‘या शालन कोण?’ वडिलांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पत्नीचे नाव शालन होते, आणि समोर बसलेल्या माझ्या आईचे आधार कार्ड, रेशन कार्ड आणि खातेपुस्तक या सगळ्यांवर सुनंदा. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नवे नाव सासरच्या उंबऱ्याच्या आत सर्वांनी स्वीकारले, पण ते पलटणीपर्यंत पोहोचलेच नाही. वडिलांनी लग्नाची नोंद करताना आईचा शाळेचा दाखला जोडला होता, आणि दाखल्यावर अर्थातच माहेरचे नाव होते. सव्वीस वर्षे त्या चुकीने कुणाचेही काही बिघडले नाही. वडील गेले आणि त्याच दिवसापासून सरकारच्या लेखी त्यांची विधवा कुणीतरी वेगळीच बाई ठरली.

पुढचे तीन महिने आम्ही एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात राहिलो. एका ठिकाणी प्रतिज्ञापत्र मागितले, दुसऱ्या ठिकाणी ते चालणार नाही असे सांगितले, तिसऱ्या ठिकाणी साहेब रजेवर होते. त्या कार्यालयांची नावे लिहिण्यात आता अर्थ नाही. आई मात्र एका संध्याकाळी चुलीपुढे बसून म्हणाली की तिला आता स्वतःचेच नाव सांगायची भीती वाटते, आणि त्याच रात्री चुलत्यांनी आम्हाला तुमच्या ओसरीवर आणले.

तुम्ही सांत्वन केले नाही. काळ्या पुठ्ठ्याची रजिस्टर वही काढली, पट्टीने आखलेल्या रकान्यांत वडिलांचा सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहिले आणि आईचा अनुक्रमांक तिला सांगितला : 61. त्या वहीचे रकाने मला आजही पाठ आहेत. कोण आले, काय अडले, कुठे काय पाठवले, कोणत्या तारखेला, पोचपावती. शेवटच्या रकान्यात पोस्टाच्या पावत्या भाताच्या शिताने चिकटवलेल्या होत्या, कारण डिंकाने पावतीवरचा शिक्का फुगतो असे तुमचे म्हणणे होते. मग तुम्ही आम्हाला समोर बसवून सगळा मार्ग समजावून सांगितला. नाव दुरुस्त करण्याचा अधिकार बँकेला नाही, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही नाही. ती नोंद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात बदलावी लागते, तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा लष्करी आदेश, निघते, त्यानंतर अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्त पीपीओ येतो आणि मग कुठे बँक हलते. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांसमोरचे प्रतिज्ञापत्र हवे, शासनाच्या राजपत्रात नावाची जाहिरात हवी, दोन्ही नावे एकाच बाईची असल्याचा दाखला हवा. तीन महिने आम्हाला हेच कुणी सलग सांगितले नव्हते. प्रत्येकाला आपल्या खिडकीपुरते माहीत होते आणि तुम्हाला पूर्ण रस्ता माहीत होता.

अर्ज तुम्ही लिहून दिला नाही, याचा त्या दिवशी मला राग आला होता. तुम्ही सांगत गेलात आणि मला लिहायला लावलेत, खाडाखोड झाली की कागद बदलायला लावलात, आणि चौथी प्रत तुम्हाला पसंत पडली. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण कित्येक वर्षे अंगठाच उठवत आलेली. तुम्ही जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून तिच्यापुढे ठेवलेत आणि ‘सुनंदा’ वीस वेळा लिहायला सांगितलेत. पहिल्या ओळीतला ‘नं’ तिच्याकडून पुन्हा पुन्हा राहत होता. विसावी सही तुम्ही बोटाने दाखवून म्हणालात, ‘आता हीच, कायम. हात थरथरला तरी हीच.’ ते पान आईने जपून ठेवले आहे, आणि आजही बँकेत जाण्याच्या आदल्या रात्री ती ते एकदा बघून घेते.

त्यानंतर वर्षभर गेले. मधल्या काळात बेळगावहून एकदा कागद त्रुटी काढून परत आले, तेव्हा मी रडत तुमच्याकडे आले आणि तुम्ही समाधानाने मान हलवलीत, कारण त्रुटीचे पत्र आले म्हणजे फाईल कुणाच्या तरी टेबलावर उघडली गेली, असा तुमचा हिशोब होता. 2018 च्या डिसेंबरात दुरुस्त पीपीओ आला आणि थकबाकीसह पेन्शन सुरू झाली. मी पेढे घेऊन आले. तुम्ही एक पेढा उचललात, वही उघडलीत आणि आईच्या ओळीखाली लाल पेन्सिलीने लिहिलेत : ‘2022 मध्ये रक्कम कमी होईल. आधी सांगणे.’ मग तुम्ही समजावलेत की वाढीव दराची कुटुंब पेन्शन सात वर्षे किंवा गेलेला माणूस 67 वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यांतले जे आधी येईल तितकीच मिळते, आणि नंतर ती शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांवर येते. चार वर्षांनी खरोखरच रक्कम घटली. शेजारच्या गावातल्या एका काकूंना तसेच झाले तेव्हा कुणी पैसे खाल्ले असे वाटून त्या महिनाभर झोपल्या नव्हत्या. आईला मात्र तुम्ही महिनाभर आधी निरोप पाठवला होता.

मी आमच्या घराचे लिहिले, कारण तेच मला सर्वांत जवळून माहीत आहे. बाकीचे गावाने पाहिलेले आहे. 1972 ते 2000 अशी 28 वर्षे तुम्ही पलटणीत काढलीत, शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेलात, आणि तिथल्या आठवणी कुणी विचारल्या की ‘तिथे नारळ फार’ एवढेच सांगत आलात. एवढी नोकरी करून आलेल्या माणसाने पेन्शन घेत शेती बघितली असती तर कुणी बोट दाखवले नसते. आमच्या जिल्ह्यात निवृत्त फौजी काही कमी नाहीत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर घरटी फौजी असतो. पण माजी सैनिकाच्या दाराशी लोक सल्ल्यासाठी कमी आणि कॅन्टीनच्या बाटलीसाठी जास्त येतात, हेही खरे आहे. तुमच्याकडे बाटली मागायला आलेल्याला तुम्ही आधी त्याच्या आईचा हयातीचा दाखला भरला का ते विचारायचात, आणि तो मनुष्य पुन्हा त्या कामासाठी येत नसे.

पहाटे शाळेच्या मैदानावर मुलांना पळवण्याचे काम तुम्ही शेवटच्या वर्षापर्यंत केलेत. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, बीमला लटकून दहा वेळा वर ओढून घेणे, नऊ फुटांचा खंदक, आणि एवढे सगळे फुकट. मुलाकडून काही मागणे असेल तर एकच, की भरतीत पैसे देऊन काम होते असे सांगणाऱ्या एजंटाचे नाव तुमच्या कानावर घालायचे. मुलींना मात्र तुम्ही आधी मैदानावर घेत नव्हता, आणि हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही स्वतः ते कधी लपवले नाही. 2019 मध्ये सैन्याच्या पोलीस दलात महिला जवानांची भरती निघाली, तेव्हा माझी मामेबहीण तुमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तुम्ही तिला ‘तुझ्या वडिलांना पाठव’ म्हणालात. ती सलग नऊ दिवस येऊन मैदानाच्या कडेने एकटीच पळत राहिली. दहाव्या दिवशी तुम्ही काही न बोलता तिच्यासाठीही घड्याळ लावलेत. तिची निवड झाली नाही. पण 2021 च्या मे महिन्यात बंगळुरूहून 83 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा तो वर्तमानपत्रातला फोटो तुम्ही कापून शाळेच्या फळ्यावर लावलात, आणि त्यानंतर मैदानावर मुलींची वेगळी रांग कधी करावी लागली नाही.

2022 मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली तेव्हा गावात दोन्ही बाजूंनी भरपूर आरडाओरडा झाला. तुम्ही कुणाच्याही बाजूने बोलला नाहीत. त्याच फळ्यावर खडूने लिहिलेत : नोकरी चार वर्षे, पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के, शेवटी एकरकमी सेवानिधी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार, पेन्शन नाही. मुलांच्या आईवडिलांना बोलावून ते वाचून दाखवलेत आणि म्हणालात की हे समजून ज्याला यायचे आहे त्याने पहाटे पाचला यावे. मला त्यातली चौथी ओळ लिहिताना तुमचा थांबलेला हात दिसला होता. ज्या माणसाने आयुष्याची शेवटची वीसेक वर्षे पेन्शनच्या कागदांत घालवली, त्याला ते दोन शब्द लिहिणे सोपे गेले नसावे.

पाण्याच्या कामाचा उल्लेख धावताच करते, कारण त्याचे श्रेय एकट्याला दिलेले तुम्हाला चालले नसते. 2016 च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत आपल्या तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला आणि आपल्याही माळावर कुदळी निघाल्या. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधून समतल चराची रेघ तुम्ही आखून द्यायचात, आणि नळीतल्या पाण्याचा बुडबुडा निघेपर्यंत कुणालाही कुदळ उचलू द्यायचा नाहीत. माझा चुलतभाऊ म्हणतो की श्रमदानापेक्षा त्या बुडबुड्याची वाट बघणे जास्त कष्टाचे होते.

पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन यंत्रणेवर गेली तेव्हा तुमचे काम संपेल असे मला वाटले होते. ते वाढले. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नसत. जन्मभर खुरपे धरलेल्या बोटांवर रेषा राहतातच कुठे? मग तुम्ही नातवाला आणि त्याच्या मोबाइलला घेऊन घरोघर जायचात, आणि कोमट पाण्यात बोटे भिजवून पुन्हा प्रयत्न करायला लावायचात. दोन वर्षे तुमच्याबरोबर मीही फिरले. मुलगा होण्याआधी नवऱ्याचे निधन झालेल्या, नव्वदीच्या एका आजींनी त्या वेळी तुम्हाला विचारले होते की दर वर्षी जिवंत असल्याचा पुरावा कशाला लागतो. तुम्ही त्यांना म्हणालात, ‘आजी, मला पण द्यावा लागतो,’ आणि आपला अंगठा आधी ठेवलात.

2023 मध्ये तुम्ही गेलात. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी, तुमच्या पत्नीने, मला बोलावून लोखंडी पेटीतली एक फाईल हातात दिली. त्यात तुमचा पीपीओ होता, दोघांचा एकत्र फोटो होता, काकूंचे आधार कार्ड होते, आणि त्यांच्या माहेरच्या व सासरच्या नावाची नोंद 1979 सालीच जुळवून घेतलेल्या पार्ट टू ऑर्डरची प्रत होती. कुटुंब पेन्शनचा अर्ज तुमच्या अक्षरात पूर्ण भरलेला होता. फक्त मृत्यूची तारीख कोरी होती. ती मी भरली आणि कागद दाखल केले. एकदाही त्रुटी निघाली नाही.

वही आता माझ्याकडे आहे. काकूंची नोंद मी केली, क्रमांक घातला, पावती छापून घेतली आणि शितानेच चिकटवली. ‘काय अडले’ या रकान्यात काय लिहावे ते मला बराच वेळ सुचेना. शेवटी तो मोकळा ठेवला आहे.

आपली कृतज्ञ,
अनुक्रमांक 61 ची मुलगी