मंजूर नकाशा सोडून बांधलेल्या काचेच्या खोलीबाबत तक्रार

दि. 30 मे 2024
रजिस्टर ए.डी.ने

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : विश्रामबाग, सांगली येथील आमच्या घराला जोडून बांधलेली सनरूम मंजूर नकाशाप्रमाणे व करारपत्राप्रमाणे नसल्याबाबत, आणि छप्पर बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या सांगलीच्या शाखेत पाच वेळा जाऊन आलो, दोन मेल केले, फोन किती केले ते मोजले नाहीत. दरवेळी एकच उत्तर : "काका, पुण्याला कळवलंय." म्हणून आता पुण्यालाच लिहितो आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये आपले प्रतिनिधी घरी आले तेव्हा त्यांनी पहिलाच सल्ला दिला की परवानगीच्या भानगडीत पडू नका, शेड म्हणून उभी करून देतो, कोण बघतंय. मी नको म्हटलं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, नोकरीभर नकाशेच बघितले. भिंती आणि छप्पर आलं की ते चटईक्षेत्रात धरलं जातं, आणि उद्या घर विकायचं झालं किंवा मुलाला कर्ज काढायचं झालं की हीच शेड आडवी येते. परवानाधारक आर्किटेक्टकडून नकाशे करून घेतले, महापालिकेत शुल्क भरलं, एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे बांधकाम परवानगी घेतली. त्यात दीड महिना गेला. त्या मंजूर नकाशाची प्रत आपल्या करारपत्राला जोडलेली आहे आणि पानापानावर आपल्या शाखाधिकाऱ्यांची सही आहे.

नकाशात काय आहे ते इथं पुन्हा लिहितो, कारण शाखेतल्या कुणी तो उघडून बघितला असेल असं मला वाटत नाही. खोली 14 फूट बाय 10 फूट. छपराला 50 मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांच्या मधे उष्णता अडवणारा फोम), फक्त उत्तरेच्या कडेला दोन फुटांची पट्टी टफन (तापवून कडक केलेल्या) लॅमिनेटेड काचेची, उजेडापुरती. पश्चिमेला विटांची भिंत आणि तिच्या माथ्याला गरम हवा बाहेर जाण्यासाठी लूव्हर. पूर्वेला आणि दक्षिणेला दुहेरी काच, बाहेरच्या काचेला सोलर कंट्रोलचा, म्हणजे उन्हाची उष्णता कमी करणारा लेप. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा कोवळं ऊन या दोन बाजूंनी आत यावं. उन्हाळ्यात तो माथ्यावर येतो, तेव्हा माथा झाकलेला असावा. सगळी मेख त्या छपरात होती. माझी आई 84 वर्षांची आहे, थंडीत सकाळी तिला दोन तास उन्हात बसता यावं एवढ्यासाठी हा खटाटोप. ती मात्र पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "सांगलीत ऊन काय कमी आहे, की पैसे देऊन आणखी घेताय?"

जानेवारीत नातवाच्या बारशाला आम्ही नाशिकला गेलो, तिथं बारा दिवस मुक्काम पडला. परत आलो तर पूर्ण छप्पर काचेचं! लूव्हरच्या जागीही काच, घट्ट बसवलेली. आपले सुपरवायझर हसतमुखानं म्हणाले, "पॅनेल स्टॉकला नव्हतं काका. त्याच पैशात तुम्हाला फुल ग्लास दिलं, अपग्रेड समजा."

इथं माझी चूक झाली ती आधी कबूल करतो. जानेवारीची सकाळ होती, खोलीत छान ऊब होती, आई शाल बाजूला ठेवून बसली होती. मी काम मिळाल्याच्या पावतीवर सही केली. "छप्पर नकाशाप्रमाणे नाही" असा शेरा मात्र सहीच्या वर लिहिला आहे. तुमच्याकडच्या प्रतीवर तो असेलच.

मार्चच्या मध्यापासून आई त्या खोलीत पाऊल टाकत नाही. एप्रिलमध्ये अंगणात सावलीला 39 अंश असताना आत 48 होते, दोन्ही दारं उघडी ठेवून. शाखेत सांगितलं तर म्हणाले दीड टनाचा एसी कमी पडतो, दोन टनाचा लावा. महोदय, आपल्याकडे इंजिनिअर असतील, त्यांना एवढा हिशेब घालून द्या. 140 चौरस फूट म्हणजे 13 चौरस मीटर छप्पर. मे महिन्यात भर दुपारी आडव्या छपरावर दर चौरस मीटरला साधारण 900 वॅट ऊन पडतं, म्हणजे 11 किलोवॅटच्या वर. साधी काच त्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा भाग आत सोडते. म्हणजे डोक्यावर नऊ किलोवॅटची शेगडी. दोन टनाचा एसी खेचून खेचून सात किलोवॅट उष्णता बाहेर टाकणार. बाजूच्या काचांतून येणारी वेगळीच, आणि ती बाहेर जायला तुम्ही लूव्हर ठेवला नाही. एसी हा यावर उपाय नाही, तो फक्त माझं वीजबिल आहे.

दक्षिणेला दोन फुटांचा सनशेड दिलाय, तो बघा, असंही सांगण्यात आलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य सांगलीच्या बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मी अंगणात पाण्याचा तांब्या ठेवून बघितला, त्याची सावली त्याच्या बुडाखालीच होती. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उलट थोडा उत्तरेला असतो. दक्षिणेच्या सनशेडनं या दिवसांत छपराचं काय भलं होणार? हे डिझाइन थंड मुलखातल्या कॅटलॉगमधून जसंच्या तसं उचललेलं दिसतं. तिकडे ते बरोबरही असेल.

एक फायदा झाला तो प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या सौभाग्यवतींच्या कुरडया यंदा एका दिवसात खणखणीत वाळल्या, आणि कबुतरांचाही त्रास नाही. सांडगे मात्र फेकावे लागले, आणि माझ्या तक्रारीचं सगळ्यात गंभीर कारण तेच आहे.

18 मे रोजी दुपारी तीनच्या सुमारास छपरातली मधली काच आपोआप फुटली. बाहेर फटाका वाजावा तसा आवाज आला. जाऊन बघतो तर सांडग्यांच्या ताटात आणि फरशीभर साबुदाण्यासारखे काचेचे चौकोनी दाणे, आणि वर मोकळं आभाळ. आपले सुपरवायझर दुसऱ्या दिवशी आले आणि पोरांनी चेंडू मारला असेल म्हणाले. चेंडू सापडला नाही. तीन वाजता सांगलीत उन्हात क्रिकेट खेळणारं पोरही सापडणार नाही.

काच टफन होती, हे दाण्यांवरून कळतंच. टफन काच कधी कधी आतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे स्वतःहून फुटते. तापलेल्या फ्रेमनं कड दाबली तरी फुटते. चौदा फुटांचं अ‍ॅल्युमिनियम 40 अंशांनी तापलं की जवळजवळ चार मिलिमीटर लांबतं, काच त्याच्या निम्म्यानंही नाही. या दोहोंना हलायला जागा ठेवावी लागते, आणि तुमच्या माणसांनी फ्रेम आवळून स्क्रू मारले आहेत. पण फुटण्याचं कारण काहीही असो, काच खाली पडायला नको होती. म्हणून तर डोक्यावरच्या काचेला लॅमिनेटेड लिहिलं होतं : दोन काचांच्या मधे चिकट थर असतो, तडा गेला तरी तुकडे त्याला धरून राहतात. तिथं आई बसलेली असती तर हे पत्र मी तुम्हाला लिहीत बसलो नसतो, सरळ पोलीस ठाण्यात गेलो असतो. उष्म्यानं ती तिथून उठली होती, एवढंच आमचं नशीब.

मग बाकीच्या काचांचा संशय आला. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला आईचं निरांजन घेतलं आणि पूर्वेच्या काचेसमोर धरलं. दुहेरी काचेला चार पृष्ठभाग असतात, म्हणून चार ज्योती दिसायला हव्यात, आणि लेप असेल तर त्यातली एक जरा वेगळ्या रंगाची. मला दोनच दिसल्या, दोन्ही सारख्या पिवळ्या. दक्षिणेला नेलं, तिथंही दोनच. मी फोटो काढले आहेत. म्हणजे दुहेरी काचेचे पैसे घेऊन साधी एकेरी काच बसवली. काच भरणाऱ्या पोरानं सांधे बुजवले तेव्हा खोलीभर व्हिनेगरचा आंबूस वास दोन दिवस होता, तेव्हाच खटकायला हवं होतं. करारपत्रात न्यूट्रल सिलिकॉन लिहिलंय, आणि त्याला तो वास येत नाही. पहिल्याच वळवाला दक्षिणेचा कोपरा गळला.

आता कागदाचं. ईशान्येचा खांब नकाशातल्या जागेपेक्षा 38 सेंटिमीटर बाहेर आहे. त्या बाजूला हद्दीपर्यंत मोकळं सोडायचं मंजूर अंतर दीड मीटर, प्रत्यक्षात 1.12 मीटर. सुपरवायझरांचं म्हणणं, तयार सेक्शन कापला तर वाया जातो, एवढ्यानं काय होतंय. होतं ते असं : आमचे आर्किटेक्ट बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करायला तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तो दाखला नाही तर भोगवटा प्रमाणपत्र नाही. उद्या 1966 च्या नगररचना अधिनियमातल्या कलम 53 ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढण्याची नोटीस निघाली तर ती माझ्या दारावर लागेल, तुमच्या पुण्याच्या ऑफिसवर नाही. बेकायदा बांधायचं असतं तर तुमच्या प्रतिनिधीनं आधीच सुचवलं होतं, दीड महिना आणि शुल्क दोन्ही वाचलं असतं. परवानगी काढून बेकायदा बांधून घेणारा मी विश्रामबागेत एकटाच असेन.

जाता जाता आणखी एक. "घरबसल्या डी जीवनसत्त्व" असं आपल्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर छापलं आहे. ज्या अतिनील किरणांनी त्वचेत ते तयार होतं, ते साध्या काचेतूनही जवळजवळ येत नाहीत. वयस्कर माणसांच्या घरी जाऊन हे सांगणं थांबवा.

एकूण 6,85,000 रुपयांपैकी 6,16,500 मी दिले आहेत. उरलेले 68,500 मी अडवून ठेवलेले नाहीत, काम पूर्ण झाल्यावर द्यायचे असं करारातच आहे. माझं मागणं पैसे परत नाही. काचेचं छप्पर काढून नकाशाप्रमाणे पफ पॅनेल बसवा, उत्तरेची पट्टी लॅमिनेटेडची करा, लूव्हर परत द्या, बाजूच्या काचा बदला. नव्या प्रत्येक काचेवर आयएस 2553 चा (सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा) शिक्का आणि सोबत उत्पादकाचं प्रमाणपत्र हवं. खांब आत घेण्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीनिशी ड्रॉइंग द्या, ते काम जोडाजोडीनं होणारं नाही. हे सगळं आपल्या खर्चानं. पाऊस तोंडावर आला आहे, तेव्हा फुटलेल्या जागी या आठवड्यात ताडपत्री तरी नीट बांधून जा. सध्या तिथं मी घरची सतरंजी आणि दोन विटा ठेवल्या आहेत.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आणि कामाची तारीख कळवावी. करारपत्राच्या शेवटी "पुणे न्यायकक्षा" असं छापलं आहे ते वाचलं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. आमचा आयोग सांगलीतच आहे, या रकमेला शुल्क 200 रुपये आहे आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो. मंजूर नकाशा, करारपत्र, शेरा असलेली पावती, तापमानाची महिन्याभराची वही आणि फुटलेल्या काचेचे व निरांजनाचे फोटो, या सर्वांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. काचेचे दाणे बरणीत भरून ठेवले आहेत.

पाहणीला माणूस पाठवाल तेव्हा दुपारी एक ते चारच्या दरम्यान पाठवा. सकाळी येऊन उपयोग नाही. सकाळी आठला खोली छान असते, ते मी कधीच नाकारलं नाही.

कळावे,
आपला ग्राहक,
विश्रामबाग, सांगली