टॅक्स पासपोर्टवर की राहण्यावर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशात राहून शेअर्सचं ट्रेडिंग करणाऱ्यांकडून एक वाक्य सारखं ऐकायला मिळतं, "मी तिथे १८३ दिवस नसतेच, मग टॅक्स कसला?" म्हणजे एखाद्या देशात साधारण अर्ध्या वर्षापेक्षा कमी राहिलं की तिथला टॅक्स लागत नाही, असा समज. मीही दोन वर्षं हेच धरून चालले होते, सल्लागारानेही मान डोलावली, आणि मग नोटीस आली. तेव्हा अख्खा रविवार पासपोर्टवरचे पुसट शिक्के, जुने बोर्डिंग पास, तिकिटांचे मेल असं सगळं पसरून एकेक दिवस एक्सेलमध्ये भरत बसले. त्यात दिवस मोजायची रीतही प्रत्येक देशाची वेगळी, ब्रिटन साधारणपणे तुम्ही मध्यरात्री तिथे होतात का ते बघतं, आणि अमेरिकेत रात्री अकराला उतरलात तरी सहसा तो पूर्ण दिवस धरतात.

बहुतेक देश टॅक्ससाठी पासपोर्ट नाही तर तुम्ही राहता कुठे ते बघतात. नागरिकत्वावर टॅक्स लावणारे ठळक देश म्हणजे अमेरिका आणि इरिट्रिया. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला दुबईत राहायला गेला, जिथे शेअर्सच्या वैयक्तिक नफ्यावर इन्कम टॅक्स नाही, तरी अमेरिकेचा टॅक्स काही सुटत नाही. परदेशातल्या कमाईला जी सूट मिळते ना, ती पगाराला आणि स्वतःच्या कामाच्या मोबदल्याला आहे, शेअर विकून झालेल्या नफ्याला नाही, आणि नेमके इथेच ट्रेडर फसतात! शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी त्याचा वेगळा रिपोर्ट द्यावा लागतो, नफा झालेला असो वा नसो.

बाकीच्यांनीही निर्धास्त राहू नये. ब्रिटनमध्ये आधी राहिला असाल आणि घर, कुटुंब, काम असे धागे तिथे शिल्लक असतील तर वर्षात १६ दिवसांतही रेसिडेंट, म्हणजे टॅक्ससाठी तिथले रहिवासी, ठरू शकता. तिथून निघून बाहेर शेअर्स विकले आणि पाच वर्षांच्या आत परत राहायला गेलात, तर निघण्याआधी घेतलेल्या शेअर्सचा नफा परतल्यावर टॅक्समध्ये येऊ शकतो. कॅनडा सोडताना तर बरीचशी गुंतवणूक विकलीच असं समजून टॅक्स लावतात, हातात एक पैसा आलेला नसताना.

दोन देशांनी एकाच वेळी रेसिडेंट म्हटलं तर त्यांच्यातला टॅक्सचा करार बघायचा. साधारण क्रम असा, कायमचं घर कुठे, मग पैशाचे आणि कुटुंबाचे संबंध कुठे जास्त, मग एरवी राहणं कुठे, आणि नागरिकत्वाचा नंबर या सगळ्यांनंतर. त्यामुळे नुसता पासपोर्ट बदलून सुटका होईल असं समजून लाखो रुपये घालवणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, त्याआधी घर आणि बायकामुलं कुठे आहेत ते बघा.

माझी विनंती एवढीच की अर्थविषयक पानावर एखाद्या जाणकार सीएकडून यावर सविस्तर लिहून घ्या, विशेषतः इन्व्हेस्टर आणि ट्रेडर यातल्या फरकावर, कारण सिंगापूरसारख्या ठिकाणी कॅपिटल गेन्स टॅक्स, म्हणजे गुंतवणूक विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स, नसला तरी ट्रेडिंग हा धंदा ठरला तर तोच नफा धंद्याचं उत्पन्न म्हणून टॅक्समध्ये येतो, आणि हे निघण्याआधी कोणी सांगत नाही.

आपली,
परदेशातली एक वाचक