खरेदी छापता, तशी विक्रीही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या खरेदीचे आकडे आले आणि आमच्या मंगळवार पेठेत त्यावरून जे रण माजले, त्यासाठी हे पत्र. २०२५ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने चारशे मिलियन पौंडांच्या वर खर्च केला, त्यात एकट्या अलेक्झांडर इसाकसाठी १२५ मिलियन, म्हणजे आपल्या रुपयांत चौदाशे कोटींच्या वर मोजले, हे सगळे बरोबर आहे. पण तो निम्माच हिशेब आहे. आणि निम्मा हिशेब विरोधी क्लबच्या चाहत्याच्या हाती पडला की तो त्याचे काय करतो, हे कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको.

आमच्या गल्लीत आर्सेनलचा एक पोरगा आहे. इंजिनिअरिंगला आहे, जर्सी लाल, मोबाइलचे कव्हरही लाल. त्याने आपल्याच पेपरच्या समासात बॉलपेनने बेरीज मांडली होती: इसाक, व्हिर्ट्झ, एकितिके, केर्केझ, फ्रिम्पाँग. "काका, सरळ लीगच इकत घेत्यात की ह्ये. ह्येला काय फुटबॉल म्हनायचं?" मी व्यवसायाने कर सल्लागार. समोर नुसती नावेची बाजू आली की जमेची बाजू शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. पेन मागून घेतले आणि शेजारी लिहिले: लुईस दियाझ बायर्न म्युनिकला, दार्विन नुन्येझ अल हिलालला, क्वान्सा लेव्हरकुसेनला. विक्री दोनशे मिलियनच्या पलीकडे गेली. मग त्याच्या आर्सेनलचे मांडायला घेतले. झुबिमेंडी, ग्योकेरेस, एझे, माडुएके. खर्च अडीचशे मिलियनच्या आसपास आणि विक्रीच्या रकान्यात जवळजवळ शुकशुकाट. निव्वळ खर्चात, म्हणजे खरेदीतून विक्री वजा करून, त्याचाच क्लब वर निघाला. "आमची ती गुंतवणूक हाय, काका," म्हणत त्याने पेपरची घडी केली आणि खिशात घातली.

आता लिव्हरपूलवाल्यांनी एवढ्यात गुलाल उधळू नये. 'निव्वळ खर्च' हे त्यांचे आवडते हत्यार, पण त्याचाही पत्ता नीट शोधावा लागतो. २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडने पॉल पोग्बासाठी ८९ मिलियन पौंड मोजले, तेव्हा लिव्हरपूलचे त्या वेळचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी असल्या खरेदीवर उघड नापसंती दाखवली होती. दीड वर्षाच्या आत, जानेवारी २०१८ मध्ये, त्याच क्लॉपनी व्हर्जिल व्हॅन डाइकला ७५ मिलियनला आणले. बचावपटूसाठी तोवर जगात कुणी एवढे दिले नव्हते. यावर लिव्हरपूलवाल्यांचे उत्तर तयार असते: "आम्ही कुटिन्यो विकला, त्यातून व्हॅन डाइक आणि गोलकीपर अॅलिसन घेतले, कुणाच्या तेलाच्या पैशावर नाही." कुटिन्यो बार्सिलोनाला, करारातल्या अटींचे पैसे धरून, १४२ मिलियन पौंडांपर्यंतच्या व्यवहारात विकला हे खरेच. पण एवढे मोजायला बार्सिलोनाकडे पैसा कुठून आला? त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी पॅरिसच्या, कतारी मालकांच्या पीएसजीने नेमारसाठी २२२ मिलियन युरो त्यांच्या हातावर ठेवले होते. ज्या कतारी पैशाच्या नावाने बोटे मोडायची, तोच पॅरिसहून बार्सिलोनामार्गे लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर उतरला आणि गोलपोस्टखाली उभा राहिला. यात लिव्हरपूलचा काही दोष नाही. फक्त सोवळे जरा कमी मिरवावे.

पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच लिव्हरपूल लीगमध्ये ओळीने चार सामने हरले, तेव्हा इतरांनी "पैसे पाण्यात" म्हणून आनंद केला. जिंकले असते तर हीच मंडळी "पैशावर जिंकले" म्हणाली असती. त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरा मुद्दा घसाऱ्याचा आहे आणि तो क्रीडा पानावर कधी दिसत नाही. गुऱ्हाळवाला नवा घाणा बसवतो तेव्हा त्याची सगळी किंमत त्याच हंगामाच्या गुळावर टाकत नाही. क्लबही खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून टाकतात. शंभर मिलियनचा खेळाडू, पाच वर्षांचा करार, म्हणजे वह्यांत वर्षाला वीस. चेल्सीच्या तेव्हा नव्या असलेल्या मालकांनी इथेच डोके चालवले. जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेझला १०६.८ मिलियन पौंडांना घेतले आणि करार केला साडेआठ वर्षांचा. वर्षाचा बोजा साडेबाराच्या आसपास. पाच वर्षांचा करार असता तर एकवीसच्या पुढे गेला असता. त्याच महिन्यात मुद्रिकलाही साडेआठ वर्षे. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, मग हिशेबापुरती पाच वर्षांची मर्यादा घातली आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनीही ती मान्य केली.

याची दुसरी बाजू मला जास्त बोचते. अकादमीत वाढलेल्या पोराची वह्यांत खरेदी किंमत शून्य असते. तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. तीन वर्षांत १०५ मिलियनपेक्षा जास्त तोटा नको, हा लीगचा २०२५-२६ हंगामापर्यंतचा नियम पाळायला यासारखा सोपा मार्ग नव्हता. म्हणून लहानपणापासून चेल्सीत वाढलेला मेसन माउंट २०२३ मध्ये ५५ मिलियनला युनायटेडला गेला, पुढच्या वर्षी कॉनर गॅलाघर अॅटलेटिको माद्रिदला. घरचे पोर विकणे फायद्याचे ठरवणारा नियम कुणी केला, यावर चाहत्यांनी चिडायला हवे. ते चिडतात एन्झोच्या किमतीवर.

आणि नियमाची गोष्ट निघालीच आहे तर एव्हर्टनचे बघा. तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण गेले, अपिलात ते सहावर आले, आणि त्याच हंगामात आणखी दोन कापले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप ठेवले, त्यांची सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ उजाडला. आरोप खरे की खोटे हे मी ठरवणार नाही. प्रकरण मोठे, कागद जास्त, हेही मान्य. पण एव्हर्टनवाल्याने यावर शिव्या दिल्या तर मी त्याला मत्सरी म्हणणार नाही. तो किमतीबद्दल बोलत नाहीये.

आपल्या शाहू स्टेडियमवर तरी वेगळे काय चालते? केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमी-मंडळांच्या संघांत कोण कुठून कुठे गेला याची चर्चा पेठांत रात्र-रात्र रंगते. गेल्या हंगामात ज्याला खांद्यावर घेऊन नाचलो, तो पलीकडच्या तालमीत गेला की "इकला गेला." पलीकडच्यांनी नायजेरियाचा स्ट्रायकर आणला तर ते भाड्याचे पाय, आपण आणला तर त्याला पांढरा-तांबडा पाजून आठ दिवसांत घरचा करून टाकतो. इंग्लंडच्या क्लबांचे ताळेबंद निदान सरकारी दप्तरात कुणालाही बघायला मिळतात. आपल्याकडे वर्गणी किती, देणगीदार कोण, खेळाडूला काय दिले, सगळे तोंडीच. सकाळी मिरजकर तिकटीला ऐकलेला आकडा संध्याकाळी बिंदू चौकात पोहोचेपर्यंत दुप्पट झालेला असतो आणि त्यावरून गॅलरीत डोकी फुटायची वेळ येते.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी प्रीमियर लीगची खरेदी छापाल तेव्हा शेजारी विक्री, कराराची वर्षे आणि पगाराचे बिल असे आणखी तीन रकाने द्या. जागा कमी पडत असेल तर खेळाडूचा फोटो लहान करा. आणि केएसएचा हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या तालमींच्या पदाधिकाऱ्यांना एकदा विचारा, यंदा संघावर किती खर्च केला. जे सांगतील त्यांचा आकडा छापा, जे सांगणार नाहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडा. आमच्या तालमीपुढची कोरी राहिली तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर